थंडीला घोंगडी, उन्हाला वेळ

रमजानचा महिना ठरलेल्या ऋतूत येत नाही. दिवाळी आली की हवेत गारवा सुटतो, होळी पेटली की ऊन तापू लागते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. रमजानचे तसे नाही. चंद्रावर चालणारे हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे, म्हणजे सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान. हिंदू पंचांगातले महिनेही चंद्राचेच आहेत; पण दर अडीच-तीन वर्षांनी अधिक मास धरून ते ऋतूंशी जुळवून घेतले जातात. इस्लामी कालगणनेत असा जादा महिना धरायला कुरआनने मनाई केली आहे. त्यामुळे रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो.

1998 आणि 1999 साली रमजान डिसेंबरच्या थंडीत सुरू झाला होता. 2018 आणि 2019 साली तो ऐन मे महिन्यात आला. ज्याने पन्नाशी ओलांडली, त्याने कडाक्याच्या थंडीतही रोजे धरले आणि अंग भाजणाऱ्या उन्हातही. यात एक न्याय आहे. महिना एकाच जागी थांबला असता, तर जगातल्या काही लोकांच्या वाट्याला कायम छोटे, थंड दिवस आले असते आणि काहींच्या वाट्याला कायम लांब, तापलेले. आपल्याकडे जून असतो तेव्हा दक्षिण आफ्रिकेत हिवाळा असतो. फिरता महिना सर्वांना दोन्ही चाखायला लावतो.

पण थंडीचा रोजा आणि उन्हाचा रोजा एकसारखा नसतो, हे रोजेदाराला सांगावे लागत नाही. विदर्भात डिसेंबरचा रोजा पहाटेपासून मावळतीपर्यंत 12 तासांहून थोडा जास्त असतो. मे-जूनचा जवळपास 15 तासांचा. आणि प्रश्न फक्त तासांचा नाही. नागपूरचे तापमान 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांवर गेले होते, तर 29 डिसेंबर 2018 रोजी 3.5 अंशांपर्यंत उतरले होते. एकाच शहराने 44 अंशांहून अधिक फरक पाहिला. माणसाच्या शरीराचे आतले तापमान मात्र दोन्ही ऋतूंत 37 अंशांच्या आसपासच राहावे लागते. ते राखण्याची शरीराची रीत थंडीत वेगळी आणि उन्हात वेगळी.

थंडीत शरीराला आपली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आतल्या अवयवांकडे वळते, आणि तेवढ्याने भागले नाही तर हुडहुडी भरते. ही हुडहुडीही कामाचीच असते. स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. बाकीचे काम वस्तू करतात. गोधडी, घोंगडी, स्वेटर, कानटोपी, गरम जेवण, बंद दार. काश्मीरमध्ये फिरन आणि त्याच्या आत धरलेली कांगडी, लडाखमध्ये खोलीच्या मध्यावर पेटणारी बुखारी. द्रासला हिवाळ्यात पारा उणे 20 अंशांच्याही खाली जातो, तरी तिथे माणसे राहतात, नमाज पढतात, रोजे धरतात. अंगावर आणखी एक थर चढवता येतो, ही थंडीतली मोठी सोय आहे.

थंडीतल्या रोजाला प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी कष्टाविना हाती लागलेल्या संपत्तीची उपमा दिली, अशी हदीस सांगितली जाते. दिवस लहान, तहान कमी. पण थंडीची म्हणून जी अडचण आहे, तिच्याकडेही धर्माने डोळेझाक केली नाही. पहाटेच्या गार पाण्याने वजू करणे सोपे नसते. म्हणून वजू करून चामड्याचे मोजे घातले असतील, तर पुढच्या वजूच्या वेळी ते न काढता वरून ओला हात फिरवला तरी चालतो. घरी असणाऱ्याला एक दिवस-रात्र, प्रवाशाला तीन. हजरत अम्र बिन आस यांची एक हकीकत प्रसिद्ध आहे. मोहिमेवर असताना कडाक्याच्या रात्री त्यांना आंघोळीची गरज पडली. गार पाण्याने जीव जाईल असे वाटून त्यांनी कोरड्या मातीने तयम्मुम केले आणि नमाज पढवली. परतल्यावर तक्रार प्रेषितांपर्यंत गेली. अम्र यांनी कारण सांगितले, की आपला जीव धोक्यात घालू नका अशी कुरआनची आज्ञा आहे. प्रेषित हसले आणि काही बोलले नाहीत.

थंडी मारते ती ज्याच्याकडे वस्तू नाहीत त्याला. बसस्थानकाच्या फरशीवर झोपणारा, उसाच्या फडाशेजारी पालात राहणारा, वीटभट्टीवरचा. शिवाय वस्तू असूनही एक धोका राहतो: बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. शेगडी घरात ठेवायचीच असेल तर खिडकी उघडी हवी आणि झोपण्यापूर्वी ती बाहेर न्यायला हवी.

उन्हाचे गणित उलटे आहे. अंगावरचे कपडे एका मर्यादेपलीकडे कमी करता येत नाहीत. बाहेरची हवा कातडीपेक्षा, म्हणजे साधारण 35 अंशांपेक्षा गरम झाली, की उष्णता शरीराबाहेर जायच्या ऐवजी आत येऊ लागते. मग एकच मार्ग उरतो, तो घामाचा. एक लिटर घाम कातडीवरच वाळला, तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. उन्हात कष्टाचे काम करणारा तासाला एक लिटरपर्यंत घाम गाळू शकतो. हे पाणी कुठून तरी भरून यावे लागते, आणि रोजात नेमके तेच बंद असते.

घाम वाळणेही हवेवर अवलंबून आहे. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो पटकन वाळतो, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो, माठातले पाणी थंड राहते. कोकणात आणि मुंबईत हवा दमट. तिथे घाम नुसता ओघळतो, अंग गार होत नाही. म्हणून किनाऱ्यावरचे 38 अंशही जिवावर बेतू शकतात. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघरच्या खुल्या मैदानात दुपारपर्यंत उन्हात बसलेल्यांपैकी 14 जणांचे प्राण गेले. पारा तेव्हा 45 वर गेलेला नव्हता.

रमजान आणि ऊन एकत्र आल्यावर काय होऊ शकते, हे कराचीने जून 2015 मध्ये पाहिले. रमजानचे पहिलेच दिवस होते. तापमान 45 अंशांच्या आसपास पोहोचले, समुद्रावरचा वारा थांबला, वीज वारंवार जात होती. काही दिवसांत हजाराहून अधिक माणसे दगावली. ईधी फाउंडेशनच्या शवागारात जागा उरली नाही. मरणाऱ्यांत म्हातारे होते, हातावर पोट असलेले मजूर होते, रस्त्यावर राहणारे होते. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याने रोजा सोडावा, असे तिथल्या धर्मपंडितांनीही तेव्हा सांगितले.

त्यात नवे काही नव्हते. आजारी आणि प्रवासी यांनी रोजे पुढे कधीतरी पूर्ण करावेत, ही सवलत कुरआनातच आहे; त्याला ‘कजा’ म्हणतात. ज्याला पुढेही जमणार नाही, त्याने एका रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालावे, तो ‘फिदया’. ज्या म्हाताऱ्याला मे महिन्याचे रोजे झेपत नाहीत पण थंडीचे झेपतात, त्याने उन्हाळ्याचे राहिलेले रोजे हिवाळ्याच्या लहान दिवसांत फेडावेत, असेही धर्मशास्त्र सांगते. उन्हाळ्याचे देणे हिवाळ्यात फेडता येते. तरीही घरातले आजोबा हट्ट धरतात, आजी ‘एवढाच राहिलाय दिवस’ म्हणून पाणी नाकारते. अशा वेळी मुलांनी-सुनांनी गप्प राहू नये. भोवळ, उलटी, बरळणे, तापलेले अंग ही उष्माघाताची लक्षणे आहेत. माणसाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंग ओले करून वारा घालावा, मानेला आणि काखेत बर्फ लावावा, 108 ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. रोजाची काळजी नंतर.

उन्हावर वस्तूंचा इलाज अपुरा पडतो, म्हणून अनुभवी समाजांनी दुसरा इलाज शोधला: वेळ. अरबस्तानच्या वाळवंटात प्रेषितांनी सांगितले होते, की ऊन कडक असेल तेव्हा दुपारची जोहरची नमाज थोडी उशिरा, हवा निवल्यावर पढावी. ते स्वतः रोजात असताना उष्म्यामुळे डोक्यावर पाणी घेत, असेही हदीसमध्ये आहे. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. उन्हाळ्यात तो पहाटे अंधारात औत धरतो, अकराच्या आत घरी येतो आणि ऊन कलल्यावर पुन्हा बांधावर जातो. 2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत उन्हाने शेकडो बळी घेतले. त्यानंतर 2013 साली त्या शहराने उष्णतेचा सामना करण्याचा आराखडा आखला. त्यातही आगाऊ इशारा, पिण्याचे पाणी, सावली आणि कामाच्या वेळा यांवरच भर आहे.

वेळ मात्र सगळ्यांच्या मालकीची नसते. दुकानदार दुपारी शटर अर्धे ओढू शकतो. कार्यालयात बसणाऱ्याला पंखा असतो. स्लॅबवर घमेली वाहणारा, डांबराच्या रस्त्यावरचा, हमाल, घरोघरी सामान पोहोचवणारा पोरगा, यांची दुपार दुसऱ्याच्या हातात असते. त्यांच्यात रोजेदार असतात, तसेच न जेवता-खाता एकादशी धरणारेही असतात, आणि कसलाच उपवास नसूनही उपाशी राबणारेही. थंडीत त्यांना घोंगडी देता येते आणि ती दिली जाते. गावोगावी तरुण मंडळे आणि मशिदीच्या कमिट्या दर डिसेंबरला ब्लँकेट वाटतात. उन्हाळ्यात द्यायचे ते दान घोंगडीसारखे दिसत नाही. ठेकेदाराने सकाळी सहाला काम सुरू करून बारा ते चार सुट्टी दिली, घरमालकाने रंगाऱ्याला दुपारी सावलीत बसू दिले, पार्सल मागवणाऱ्याने ‘संध्याकाळी आणा’ म्हटले, तर ते दान ठरते. त्याला पैसे फारसे लागत नाहीत.

येती काही वर्षे रमजान थंडीत राहील. 2030 साली तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा, असा एकाच इसवी सनात दोनदा सुरू होण्याची चिन्हे आहेत. या दिवसांत जी मुले पहिला रोजा धरतील, त्यांना तो सोपा वाटेल. महिना पुन्हा मे महिन्यात पोहोचेल तो 2050 च्या आसपास, आणि तेव्हाचा मे आजच्यापेक्षा अधिक तापलेला असेल, असेच हवामानाचे अभ्यासक सांगतात. ही मुले तेव्हा घरची कर्ती असतील. कोणी ठेकेदार असेल, कोणी मुकादम, कोणी नगरसेवक. रस्त्याकडेला आज लावलेला कडुनिंब तोपर्यंत चांगली सावली धरेल. दुपारची सुट्टी मात्र झाडासारखी आपोआप वाढत नाही. ती याच उन्हाळ्यापासून पाळायला लागेल.