गवताचा हिशेब

पिके निघाली, की अमरावती-अकोल्याच्या वावरांतून काठेवाडींचे डेरे दिसू लागतात. मूळचे कच्छचे हे रबारी पशुपालक कित्येक दशके वऱ्हाडात फिरत आहेत. सामान उंटांवर आणि सोबत मेंढ्यांचा कळप. शेतकरी कळप वावरात बसवून घेतो. मेंढ्यांना पाला मिळतो, जमिनीला लेंडीखत. चारा संपला, की डेरा हलतो.

तेराव्या शतकातील मंगोलांची पश्चिमेकडील घोडदौड समजून घ्यायची, तर हाच नियम मोठ्या प्रमाणावर लावून पाहू. १२०६ साली चंगीझखानाने भटक्या टोळ्या एकत्र बांधल्या. १२४१ मध्ये त्याच्या वारसांचे सैन्य हंगेरीत होते, तर १२५८ मध्ये बगदाद पडले. मंगोल स्वार आपल्याबरोबर अनेक घोडे नेई व ते आलटून पालटून वापरी. हे घोडे मुख्यतः वाटेतल्या गवतावरच जगत.

आता हिशेब करू. १०,००० स्वारांची एक तुकडी, प्रत्येकाचे ५ घोडे आणि दर घोड्याला रोज १० किलो सुके गवत धरले, तर रोज ५०० टन गवत लागेल! हेक्टरी एक टन गवत मानल्यास रोज ५०० हेक्टर कुरण फस्त होईल. मग एके ठिकाणी थांबायचे कसे?

मंगोलियातील जुन्या पाइन वृक्षांची वाढवलये मोजून शास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवले, की १२११ ते १२२५ ही सलग १५ वर्षे तेथे ओलाव्याची होती. ओलावा अधिक म्हणजे गवत अधिक आणि घोडेही अधिक. अर्थात केवळ पावसाने साम्राज्य उभे राहत नाही. शिस्त आणि संघटनाही लागते. पण त्यांना बळ देणारे 'इंधन' गवतच होते.

ते संपले, तेथे दौड अडली. १२६० साली हुलागूखानाने सिरियातून बहुतेक सैन्य मागे घेतले. त्याच सुमारास मोठा खान मोंके याच्या मृत्यूची बातमी आली होती, हे खरे. पण १२६२ मध्ये फ्रान्सच्या राजाला लिहिलेल्या पत्रात हुलागूने चारा संपल्याचे कारण दिले. मागे ठेवलेल्या तुटपुंज्या फौजेचा १२६० मध्येच ऐन जालूत येथे पराभव झाला.

गावाजवळ डेरा उतरला, तर विद्यार्थ्यांना तेथे जरूर न्यावे. मेंढ्या किती, वावर किती एकर, मुक्काम किती दिवस, हे त्यांनी विचारावे आणि गणित मांडावे. गावची ई-क्लास जमीन घटली, तर हा मुक्काम किती दिवसांनी कमी होईल, याचे उत्तरही त्याच गणितातून निघेल.