राउटरचा संकेतशब्द, पुनःस्थापन

संगणक-जालातील राउटरचा प्रशासकीय संकेतशब्द विस्मृत झाल्यास, मूळ मांडणी न गमावता त्याचे नियंत्रण पुन्हा मिळविण्याची क्रिया. सिस्को कंपनीच्या अनेक राउटरांत संकेतशब्द व मांडणी वीजपुरवठा खंडित झाल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत साठविलेली असतात. १६ बिटांच्या एका नोंदकातील मूल्यावरून राउटरचे आरंभीचे वर्तन ठरते. षोडशमान पद्धतीत ते सामान्यतः २१०२ असते.

कन्सोल जोडणीस संगणक जोडून राउटर बंद करून पुन्हा चालू करतात व पहिल्या ६० सेकंदांत ‘ब्रेक’ संकेत पाठवितात. त्यामुळे रॉममधील नियंत्रक कार्यक्रम सुरू होतो. तेथे नोंदकाचे मूल्य २१४२ करून राउटर पुन्हा सुरू केल्यास साठविलेली मांडणी वगळली जाते; ती पुसली मात्र जात नाही. अशा रीतीने संकेतशब्दाविना प्रवेश मिळाल्यावर जुनी मांडणी चालू स्मृतीत आणतात, नवा संकेतशब्द देतात, बंद राहिलेली जोडद्वारे चालू करतात, मूल्य पूर्ववत २१०२ करतात व मांडणी जतन करतात. जुनी मांडणी आणण्यापूर्वीच जतन केल्यास ती नष्ट होते.

ही पद्धती उपकरणाच्या प्रत्यक्ष सान्निध्यावर अवलंबून असल्याने राउटरची खोली कुलूपबंद ठेवणे आवश्यक ठरते. काही राउटरांत ही सोय बंद करता येते. मग मात्र मांडणी पुसल्याखेरीज प्रवेश मिळत नाही.