जीप का थरथरत होती?

परभणीहून जिंतूरकडे निघाले, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. तिच्यावर बांधलेल्या रस्त्यांनाही तिच्याबरोबर हलावे लागते. अशा रस्त्यांवर माझ्या मामांची १९६८ सालची पेट्रोल जीप अजून धावते. याच जीपमधून त्यांनी मला दहावीच्या परीक्षेला नेले होते. गेल्या उन्हाळ्यात मात्र मामा म्हणाले, "आता भंगारात देऊन टाकतो बाबा. जागेवर उभी असली तरी हिव भरल्यासारखी थरथरते. मिस्त्री म्हणतो, गिअरबॉक्स खोलावा लागंल."

गिअरबॉक्स खोलणे म्हणजे मोठा खर्च. दोष तेथे नसलाच, तर तो सारा पाण्यात. म्हणून पाना हाती घेण्याआधी गाडीला काही प्रश्न विचारायचे आम्ही ठरवले. वैज्ञानिक निसर्गाला प्रश्न विचारतो, तसेच. ते प्रश्न आणि गाडीने दिलेली उत्तरे तुम्हांला सांगतो.

आधी प्रश्न, मग पाना

पहिला प्रश्न : थरथर चाकांची, की इंजिनाची? प्रयोगाचा नियम तुम्हांला ठाऊक आहे. एक गोष्ट कायम ठेवायची, दुसरी बदलायची आणि काय होते ते पाहायचे. मोकळ्या रस्त्यावर मामांनी जीप ताशी ३० किलोमीटर वेगाने आधी दुसऱ्या गिअरमध्ये आणि मग तिसऱ्या गिअरमध्ये चालवली. दोन्ही वेळा चाके सारख्याच वेगाने फिरत होती, पण इंजिनाचे फेरे वेगळे होते. दोष चाकांत किंवा मागच्या लांब शाफ्टमध्ये असता, तर थरथर दोन्ही वेळा सारखी राहिली असती. ती बदलली. म्हणजे तिचे नाते इंजिनाच्या फेऱ्यांशी होते.

दुसरा प्रश्न : किती फेऱ्यांना ती जास्त होते? गाडी उभी ठेवून पाहिले. इंजिन मंद चालत असताना समोरची काच खडखडत होती. ॲक्सिलरेटर थोडा दाबताच ती शांत झाली. हे उत्तर फार बोलके होते. ते तुम्हांला कळावे म्हणून आधी एक छोटा प्रयोग करून पाहा.

कुलूप आणि रबरबँड

तीन-चार रबरबँड एकात एक अडकवून साखळी करा. तिच्या टोकाला एक कुलूप लटकवा. दुसरे टोक हातात धरा आणि हात अगदी सावकाश वर-खाली करा. कुलूप हाताबरोबर वर-खाली होईल. आता वेग हळूहळू वाढवा. एका ठरावीक लयीला कुलूप एकाएकी जोरात उड्या मारू लागेल. हे अनुस्पंदन. तुमच्या हाताची लय आणि कुलपाची स्वतःची नैसर्गिक लय जुळली, की ते घडते. आता हात आणखी भराभर हलवा. काय आश्चर्य! हात हलतो आहे, पण कुलूप जवळजवळ स्थिर आहे. मधले रबर हाताची हालचाल कुलपापर्यंत पोहोचूच देत नाही.

मोटारीत हेच होते, फक्त उलट बाजूने. तेथे हलते ते इंजिन आणि स्थिर ठेवायची ती चौकट, म्हणजे चेसिस. इंजिन व गिअरबॉक्स एकमेकांना घट्ट जोडलेले असतात. जीपमध्ये ही जोडी पुढे दोन ठिकाणी आणि मागे गिअरबॉक्सखाली, चेसिसच्या आडव्या पट्टीवर, रबरावर टेकलेली असते. गॅरेजमध्ये याला 'फाउंडेशनचे रबर' म्हणतात. सुरुवातीच्या मोटारींत इंजिन सहसा चौकटीला थेट बोल्टांनी आवळत. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९३१ साली प्लिमथ मोटारीत इंजिन रबरावर टेकवले आणि या रचनेची 'तरंगती शक्ती' या नावाने मोठी जाहिरात केली.

रबराला दोन धनी

पण मग हे रबर लोण्यासारखे मऊ का करत नाहीत? कारण त्याला दुसरेही काम आहे. इंजिन शाफ्टला एका दिशेने पिळते, तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे इंजिन व गिअरबॉक्स स्वतः उलट दिशेने पिळले जातात. या जीपच्या पहिल्या गिअरमध्ये ही पीळ इंजिनाच्या मूळ पिळीच्या सुमारे २.८ पट होते. ती सारी फाउंडेशनच्या रबरांना झेलावी लागते. थरथर अडवायला रबर मऊ हवे आणि पीळ झेलायला ताठ हवे. या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करावी लागते, म्हणून रबराचा ताठरपणा जोखून ठरवलेला असतो.

आता मामांना एक जुनी गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी पहिल्या गिअरमध्ये गाडी काढताना गिअरचा दांडा उडी मारायचा आणि खालून 'धप्प' असा आवाज यायचा. या जीपमध्ये दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसवलेला असतो. तो उडी मारतो याचा अर्थ गिअरबॉक्सच आपल्या जागेवरून हलतो. वाटेत कोणीतरी खाली काही बसवून दिले, उडी थांबली आणि मामा ती गोष्ट विसरून गेले.

गाडी घोड्यांवर नीट टेकवून आम्ही टॉर्च घेऊन खाली पाहिले. मागच्या रबराच्या जागी ट्रकच्या टायरचा जाड तुकडा होता आणि तो बोल्टांनी गच्च आवळलेला होता!

टायरच्या तुकड्याचा हिशेब

रबरावर वजन ठेवले असता ते जितके दबते, त्यावरून त्याची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे दर सेकंदाची कंपने, काढता येतात. दाब सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचे वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. उत्तर थोडे ठोकळ असते, पण उपयोगी पडते.

समजा, चांगले रबर ४ मिलिमीटर, म्हणजे ०.४ सेंटिमीटर दबते. वर्गमूळ सुमारे ०.६३. म्हणून वारंवारता सुमारे ८. टायरचा आवळलेला तुकडा समजा अर्धा मिलिमीटरच दबतो. ०.०५ चे वर्गमूळ सुमारे ०.२२. म्हणून वारंवारता सुमारे २२.

आता इंजिन पाहू. मंद चालताना ते मिनिटाला सुमारे ६०० फेरे, म्हणजे सेकंदाला १० फेरे घेते. चार सिलिंडरांच्या या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. म्हणजे सेकंदाला २० धक्के. चांगल्या रबराची लय ८, धक्के २० : हात भराभर हलतो, कुलूप स्थिर! टायरच्या तुकड्याची लय २२, धक्के २० : दोन्ही जवळजवळ जुळल्या. हेच ते अनुस्पंदन, हेच जीपचे हिव. ॲक्सिलरेटर दाबून फेरे १२०० केले, की धक्के ४० होतात, लय मोडते आणि काच शांत होते. धक्क्यांची वारंवारता नैसर्गिक वारंवारतेच्या १.४ पटीहून जास्त झाली, की रबर थरथर अडवू लागते, असे गणित सांगते. म्हणजे टायरच्या तुकड्याने एका धन्याचे काम केले आणि दुसऱ्याचे बिघडवले. गिअरबॉक्स बिचारा निर्दोष होता.

मूळ रबर का मेले?

शेतकरी सहसा काही टाकत नाही. मूळ रबर मामांच्या हत्यारांच्या पेटीत सापडले. ते फुगलेले, तेलकट होते आणि आपल्या लोखंडी पत्र्यापासून सुटले होते. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली रबर गंधकाबरोबर तापवण्याची युक्ती शोधली. या व्हल्कनीकरणाने रबर लवचीक आणि टिकाऊ होते. पण नैसर्गिक रबराचा खनिज तेलापुढे निभाव लागत नाही. गिअरबॉक्सच्या सीलमधून थेंब थेंब तेल त्यावर वर्षानुवर्षे ठिबकत होते. ते सील न बदलता नवे रबर घातले असते, तर तेही त्याच वाटेने गेले असते.

रबर बदलताना

हे काम अनुभवी मिस्त्रीनेच करावे. तुम्ही बाजूला उभे राहून पाहा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. आधी चाकांना दगड लावले, बॅटरीची तार काढली आणि गाडी घोड्यांवर टेकवली. गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने त्याचे वजन तोलून धरले. मग बोल्ट काढून तुकडा बाहेर घेतला. सील बदलले, पुढची दोन रबरेही तपासली. नवे रबर बसवताना सगळे बोल्ट आधी सैल ठेवले. वजन रबरावर नीट बसल्यावरच ते आवळले, कारण आधीच पिळलेले रबर लवकर फाटते. शेवटी क्लचच्या पेडलची मोकळी चाल पाहिली.

इंजिन सुरू झाले. काच खडखडली नाही. मामांनी पहिला गिअर टाकून क्लच सोडला, दांडा जागचा हलला नाही. मामा काही बोलले नाहीत. भंगारवाल्याला मात्र त्याच संध्याकाळी नकार गेला.

मित्रहो, तुमच्या घरी शिवणयंत्र, पिठाची गिरणी किंवा पाण्याचा पंप असेल. ते यंत्र कशावर टेकले आहे, ते पाहा. चालू होताना आणि बंद होताना ते क्षणभर जास्त थरथरते का? तसे असेल, तर का, याचे उत्तर आता तुम्हांला देता येईल.