साक्षीच्या तारखेला

सकाळी साडेसात. मुलीच्या आईचा फोन. "ताई, आज यायलाच पाहिजे का? गावात बोभाटा झाला तर?" साक्षीच्या तारखेला हा फोन येतोच. पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा खटला बंद दाराआड चालतो, मुलीची ओळख छापता येत नाही, साक्ष देताना तुम्ही तिच्याजवळ थांबू शकता, हे मी पुन्हा सांगते. बाल कल्याण समितीने मला या घरासाठी 'सपोर्ट पर्सन' नेमलंय ते यासाठीच.

साडेदहा. जिल्हा न्यायालय. आरोपीचे नातेवाईक पुढच्या दारात, म्हणून आम्ही मागून आत. मुलीला रिकामं कोर्ट दाखवते: साहेब तिथे बसतील, तू इथे, मध्ये पडदा. काय बोलायचं ते मात्र मी सांगत नाही. "आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. प्रश्न कळला नाही तर परत विचारायला सांग," एवढंच.

अकरा ते तीन. पुकाऱ्याची वाट. दिवसातला सगळ्यांत अवघड वेळ हाच. आईचा आजचा रोज बुडालाय, मुलीने डबा उघडलेला नाही. गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी, शक्यतो वर्षभरात खटला संपवावा, असं २०१२चा पोक्सो कायदा सांगतो. ही मुलगी तेव्हा सातवीत होती, आता दहावीत आहे. तोच प्रसंग इतक्या वर्षांनी बारकाव्यांसह आठवायला लावणं क्रूर आहे.

तीन. साक्ष. वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांना द्यायचे आणि त्यांनी ते मुलीला विचारायचे, हे याच कायद्याचं कलम ३३. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांचा आवाज चढला, तेव्हा न्यायाधीशांनी त्यांना तिथेच थांबवलं. मुलगी रडू लागली. मध्येच विश्रांती मागणं हा तिचा हक्क आहे. ती मिळाली, आणि मग तिने सगळं सांगितलं.

साडेचार. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. भरपाई निकालानंतरच मिळते, असं आईला वाटत होतं. बहुतेक पालकांना तसंच वाटतं. एफआयआरनंतर कुठल्याही टप्प्यावर विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकतं. महाराष्ट्रात २०१३पासून पीडितांना अर्थसाहाय्य देणारी मनोधैर्य योजनाही आहे. दोन्ही कागद आजच भरले.

तुमच्या ओळखीत असं मूल असेल, तर बाल कल्याण समितीकडे सपोर्ट पर्सन मागा. त्याला पैसे पडत नाहीत. मुलांच्या मदतीसाठी १०९८, मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१००.