बेटावर जाण्यापूर्वी (लेखांक 5) : भांगाचं पाणी

फेरीबोटींच्या तिकिटांबद्दल या आठवड्यात लिहीन, असं मी म्हटलं होतं. ते आज लिहीत नाही. मधल्या दिवसांत सोलापूरहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि ते वाचल्यावर तिकिटं मागे ठेवणंच योग्य वाटलं. कारण तिकीट कोणत्या तारखेचं काढायचं, हे आधी ठरायला हवं.

या बाई गेल्या मार्चमध्ये घरच्यांसह अंदमानला गेल्या होत्या. नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपावर, त्यांचा दीड दिवस मुक्काम होता. भरतपूरच्या किनाऱ्यावर दुपारी स्नॉर्केलिंग ठरलं होतं. मुलांनी मुखवटे, नळ्या घरूनच नेल्या होत्या. किनाऱ्यावर पोचले तर पाणी गुडघ्याला. बोटवाला म्हणाला, "अभी पानी नहीं है, कल सुबह आइए." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची परतीची बोट होती. बाई विचारतात, "आम्ही हंगाम बघून गेलो, हवा छान होती, समुद्र शांत होता. मग आमचं चुकलं काय?"

त्यांचं काही चुकलं नाही. फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगाम उत्तमच, हे मी दुसऱ्या लेखात लिहिलं आहे. पण हंगाम हा वर्षाचा हिशेब झाला. समुद्राचा आणखी एक हिशेब पंधरवड्याचा असतो आणि तिसरा रोजचा. सहल आखून देणारे तुम्हाला महिना विचारतात, खोली एसी हवी का विचारतात, जेवण शाकाहारी का विचारतात. तिथी कुणी विचारत नाही. खरं तर तीच पहिली विचारायला हवी.

आपल्या कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. देवबागला मी ज्यांच्याकडे उतरतो, ते दादा कधीही हवामानाचा अंदाज बघून मला पाण्यात नेत नाहीत. भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे एक नजर टाकतात आणि म्हणतात, "आज भांग असा, पाणी निवळ असतला." किंवा नुसते मान हलवतात आणि जाळं विणत बसतात. म्हणजे उधाण आहे, आज नको.

अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात. सूर्य-चंद्राची ओढ एकत्र लागते. भरती खूप वर चढते आणि ओहोटी खूप खाली जाते. ते उधाण. सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात असते, एक दुसऱ्याचा जोर कमी करतो, आणि पाणी थोडंच चढतं, थोडंच उतरतं. तो भांग. दोन्हींचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. श्री विजयपुरम, म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर, इथे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक सुमारे पावणेदोन-दोन मीटर असतो आणि भांगाला एक मीटरहूनही कमी. मुंबईकरांना दोन मीटर किरकोळ वाटतील, कारण मुंबईत उधाणाला हा फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. पण अंदमानचं प्रवाळ किनाऱ्यालगत उथळ पठारावर वाढतं. भरतपूरला ज्या प्रवाळावरून भरतीच्या वेळी छातीभर पाण्यात तरंगत जाता येतं, तेच प्रवाळ उधाणाच्या ओहोटीला पाण्याबाहेर डोकावतं. तिथे दोन मीटर म्हणजे सगळंच.

हॅवलॉकला (स्वराज द्वीप) विजयनगरच्या किनाऱ्यावर, ज्याला तिथे नुसतं पाच नंबर म्हणतात, मी पहिल्यांदा उतरलो त्या पहाटे समुद्र माडांच्या मुळांना टेकला होता. दुपारी जेवून बाहेर आलो तर समोर पाणी नव्हतं. लांबवर पसरलेली ओली, करडी वाळू, मधे खडकांच्या खळग्यांत साचलेली डबकी, आणि प्रत्येक डबक्यात अडकलेलं एक छोटं जग. एका डबक्यात काळी समुद्रकाकडी होती. हाताएवढी, गुळगुळीत, वाळू खात निवांत सरकणारी. शेजारी बोटाएवढे निळे मासे गोल फिरत होते. पाणी परत यायची वाट बघत होते म्हणा. मी तिथे दोन तास उकिडवा बसलो होतो. तेव्हापासून ओहोटी वाया जाते, हे मी मानत नाही. फक्त ती कधी आहे, हे आधी माहीत हवं.

आता कोकणी वाचक मनात म्हणतील, मग अवघड काय, तिथीची पाऊणपट करावी! हा आपल्याकडचा फार सुंदर नियम आहे. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. मी स्वतः तो वर्षानुवर्षं वापरतो. पण कृपा करून तो अंदमानला नेऊ नका. भरतीचं घड्याळ प्रत्येक किनाऱ्याचं वेगळं असतं. समुद्राचा आकार, तळाची खोली, बेटांमधल्या फटी यांवर ते ठरतं. पाऊणपट आपल्या किनाऱ्याची आहे. उधाण आणि भांग मात्र चंद्राचे आहेत, ते सगळीकडे त्याच तिथ्यांच्या आसपास येतात. म्हणून दिवस पंचांगावरून ठरवा आणि तास तिथल्या तक्त्यावरून. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, त्यात पोर्ट ब्लेअर आहे. मोबाइलवरही ते वेळापत्रक सहज मिळतं. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, हे लक्षात ठेवलंत तर आज सकाळी आठला असलेली भरती चार दिवसांनी साडेअकराच्या आत येणार, हे तोंडी सांगता येतं.

डायव्हिंग करणाऱ्यांना हा हिशेब आणखी जवळचा आहे. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास लागतात. उधाण असो की भांग, वेळ तेवढाच. म्हणजे उधाणाला त्याच वेळात दुपटीहून जास्त पाणी बेटांमधून वाहून जायचं असतं. साहजिकच ओढ वाढते, तळाची रेती उसळते, पाणी गढूळतं. त्यातही सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी हलतं. पूर्ण भरती किंवा पूर्ण ओहोटीला ते थोडा वेळ थबकतं, आणि उतरायला तीच वेळ चांगली. डिक्सन्स पिनॅकल किंवा जॉनीज गॉर्जसारख्या खोल जागा अनुभवी लोकांच्या. तिथे मुरलेला डायव्हर ओढीचा आनंदही घेतो, कारण ओढ असली की मोठे मासे येतात. पण ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नळकांडं पाठीला लावलं आहे, त्यांनी भांगच धरावा. पहिल्या वेळी माणूस घाबरतो तो खोलीला नव्हे, ओढीला.

आणखी एक कारण, आणि माझ्या दृष्टीने ते सगळ्यांत मोठं. पाणी कमी असलं की माणूस उभा राहतो. उभा राहतो तो प्रवाळावर. गोल, दगडासारखं दिसणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. एका पायाखाली किती वर्षं जातात, ते बघा. पाणी नसताना बोटवाल्याने परत पाठवलं, तर त्याचे आभार माना. सोलापूरच्या बाईंना भेटलेला बोटवाला भला माणूस होता.

या बेटांवर पाण्याची पातळी थोडी बदलली तर काय होतं, हे 26 डिसेंबर 2004 ला दिसलं. त्सुनामीच्या लाटा सगळ्यांना आठवतात. पण त्या भूकंपाने जमीनही हलवली. उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा वर उचलला गेला आणि तिथलं प्रवाळ जणू कायमच्या ओहोटीत सापडलं. उन्हात उघडं पडून मेलं. इकडे दक्षिणेला जमीन खचली आणि सिप्पीघाटच्या शेतांत भरतीचं खारं पाणी शिरलं, ते तिथेच राहिलं. विमानतळावरून वंडूरकडे जाल तेव्हा वाटेत ते पाणी दिसेल.

तर आता आखणी. माझं मत स्पष्ट आहे : वद्य पक्षात जा. वद्य षष्ठीला विमानाने उतरा, सेल्युलर जेल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. अष्टमी ते एकादशी हॅवलॉकला राहा. भांग असल्याने एलिफंट बीचला ओहोटीतही पुरेसं पाणी मिळतं, ओढ कमी असते. शिवाय चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला किंवा नंतर उगवतो, त्यामुळे संध्याकाळ काळोखी असते आणि खारफुटीत रात्री होडी वल्हवताना पाण्यात चमकणारे जीव दिसण्याची शक्यता तेव्हाच जास्त. शुद्ध अष्टमीलाही भांग असतो, पण डोक्यावर अर्धा चंद्र असतो आणि ती चमक फिकी पडते. मग द्वादशी ते चतुर्दशी नील. एव्हाना पाणी उधाणाकडे चाललेलं असतं. लक्ष्मणपूरची नैसर्गिक कमान आणि तिच्या भोवतालची डबकी बघायला खोल ओहोटीच लागते, आणि भरतपूरचं स्नॉर्केलिंग भरतीला करायचं. दोन पूर्ण दिवस हाताशी असले की दोन्ही वेळा उजेडात सापडतात. एका दिवसात कधी कधी नाही सापडत, कारण तिथे हिवाळ्यात साडेपाचच्या आत अंधार पडतो.

मे-जूनमधला वारा किंवा नोव्हेंबरातलं वादळ यांच्यापुढे कुठल्याच तिथीचं चालत नाही, हे मात्र धरून चाला.

फेरीबोटींचं पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर तुमच्या मनात असलेल्या तारखा एका कागदावर लिहा आणि प्रत्येकीपुढे तिथी लिहून ठेवा. पुढच्या लेखात तो कागद लागेल.