वर्दीच्या आधी काम निवडावे

सैन्यात जाणे हा आमच्या सीमाभागातील पुष्कळ घराण्यांचा जुना शिरस्ता आहे. ज्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण १७६८ साली उभी राहिली, तिचे केंद्र बेळगावातच आहे. मुलगा दहावी झाला, धावण्यात चपळ निघाला, की "जा भरतीला" असे आपण सहज म्हणतो. कोणत्या कामासाठी भरती, हे मात्र क्वचितच विचारतो.

वस्तुतः हा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा झाला आहे. पूर्वीचा शिपाई पंधरा वर्षांहून अधिक चाकरी करून निवृत्तिवेतन घेऊन घरी येई. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार अग्निवीराची मुदत, शिक्षणकाळ धरून, चार वर्षांची असते. त्यानंतर शंभरांतून जास्तीत जास्त पंचवीस जणांना कायम केले जाते. इतरांना सेवानिधी मिळतो; निवृत्तिवेतन नाही. योजना जाहीर झाली तेव्हा हा निधी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये सांगितला गेला. त्यात सरकार घालते तेवढीच रक्कम मुलाच्या पगारातून, दरमहा ३० टक्के कापून, जमविली जाते. रक्कम लहान नव्हे. परंतु बाविशीत परतलेल्या मुलापुढे चाळीस वर्षांचा संसार उभा असतो, हे विसरून कसे चालेल? हातात कसब नसेल तर पैसा घरदुरुस्तीत आणि लग्नकार्यात केव्हा संपतो, हे कळतही नाही.

अर्ज करताना मुलगा प्रवर्ग निवडतो. पलटण मात्र सैन्य ठरविते. दहावीत ४५ टक्के गुण असणाऱ्यास सामान्य कर्तव्याचा प्रवर्ग खुला असतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व इंग्रजी घेतलेल्यास तांत्रिक विभागात वाव मिळतो. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ठराविक अभ्यासक्रम केलेल्यालाही तेथे जाता येते. बारावीला ६० टक्के मिळविणाऱ्यास कारकून किंवा भांडारपाल होता येते. स्वयंपाकी, शिंपी, धोबी इत्यादींसाठी कारागिरांचा प्रवर्ग आहे. ह्या कामांना कोणी हलके लेखू नये. शेकडो माणसांचे जेवण वेळेवर रांधणारा उपाशी राहत नाही. बंदूक धरणाऱ्याचे काम मानाचेच आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी जागाही राखल्या आहेत. मात्र तो मार्ग ज्याला खरोखर पुढेही चालावयाचा आहे, त्यानेच तो धरावा.

आईबापांनो, आणखी एक गोष्ट ध्यानी घ्या. साडेसतरा वर्षे पुरी झाल्याखेरीज भरती होत नाही. दहावी तर सोळाव्या वर्षीच होते. मधला काळ केवळ मैदानावर धावण्यात घालवू नका. मुलाला आयटीआयत घाला किंवा बारावी पुरी करू द्या. तो धावेल पहाटे, शिकेल दिवसा. निवड झाली नाही, तरी विद्या त्याच्याजवळ राहीलच.

मुलांनो, अर्ज भरण्यापूर्वी स्वतःला विचारा: मला कोणते काम आवडते? त्यास लागणारे शिक्षण माझ्याजवळ आहे काय? चार वर्षांनी गावी परतलो, तर ह्याच कामावर माझे घर चालेल काय? तिन्ही उत्तरे मिळाली, की मग खुशाल वर्दी चढवा. देशाचे रक्षण करून आलेल्या तरुणाला घरी येऊन कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढीच आमची इच्छा आहे.