केशप्रत्यारोपणानंतरचा शिरोत्वचेचा खडबडीतपणा

केशप्रत्यारोपणानंतरचा शिरोत्वचेचा खडबडीतपणा म्हणजे केस रोवलेल्या भागातील त्वचा सभोवतालच्या त्वचेशी समपातळीत न राहता तिच्यावर उंचवटे, खळगे किंवा लांबट वरंबे दिसणे. हा आजार नसून शस्त्रक्रियेचा दुष्परिणाम आहे. त्याने जिवाला धोका नसतो; मात्र टक्कल झाकण्यासाठी केलेल्या खर्चानंतर कपाळावरची केशरेषाच लोकांच्या नजरेत भरावी, हा त्रास रुग्णाच्या दृष्टीने लहान नसतो.

स्वरूप आणि कारणे

प्रत्येक रोपाभोवती त्वचेचा फुगवटा राहिल्यास डोके गोट्यांच्या फरसबंदीसारखे दिसते. यास कॉबलस्टोनिंग म्हणतात. रोप आवश्यकतेपेक्षा उथळ बसवले, किंवा त्याच्यावरील बाह्यत्वचेचा भाग नीट छाटला नाही, की असा फुगवटा उरतो. याउलट रोप फार खोल गेले तर केसाच्या मुळाशी लहान खळगा पडतो. हे पिटिंग होय. तिसऱ्या प्रकारात मोठ्या आकाराच्या रोपांमुळे त्वचेखाली तंतुमय ऊती साचतात आणि केशरेषेलगत शेतातील वरंब्यासारखी उंच पट्टी तयार होते. रोवलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटून ऊती मृत झाल्यास तेथे खोलगट वण राहतो. हा प्रकार विरळा, पण सर्वांत गंभीर.

इतिहास

जपानमधील शोजी ओकुडा यांनी १९३९ मध्ये केसांसहित त्वचेचे गोल तुकडे रोवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी १९५९ मध्ये आपले निष्कर्ष मांडल्यावर ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. त्या काळी सुमारे ४ मिलिमीटर व्यासाचे तुकडे वापरत. बाहुलीच्या डोक्यावरील केसांच्या झुपक्यांची उपमा त्यावरूनच रूढ झाली. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली एक ते चार केसांचे नैसर्गिक पुंजके वेगळे करण्याचे तंत्र आले आणि खडबडीतपणाचे प्रमाण बरेच घटले. ते संपले मात्र नाही, कारण आजचा दोष बहुधा तंत्राचा नसून ते वापरणाऱ्या हाताचा असतो.

निदान

उपचारापूर्वी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न काळाचा असतो. पहिल्या आठवड्यातील सूज आणि खपल्या अपेक्षितच असतात. खपल्या साधारण ७ ते १४ दिवसांत गळतात. पहिल्या काही आठवड्यांत रोवलेले केसही बहुतांशी गळतात आणि नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवू लागतात. नेमक्या याच काळात त्वचेबाहेर येऊ न शकलेल्या केसांमुळे पुळ्या उठतात. त्या खडबडीतपणासारख्या भासल्या तरी बहुधा तात्पुरत्या असतात. वण पक्व होण्यास ९ ते १२ महिने लागतात. त्याआधी घाईने केलेला कायमस्वरूपी उपचार अनेकदा अनावश्यक, प्रसंगी हानिकारक ठरतो. पू, वाढती वेदना, ताप किंवा त्वचा काळवंडणे ही लक्षणे असल्यास मात्र थांबणे चुकीचे असून तातडीने तपासणी आवश्यक असते.

उपचार

पुळ्यांसाठी कोमट पाण्याच्या घड्या, आत अडकलेला केस निर्जंतुक साधनाने मोकळा करणे आणि संसर्ग असल्यास प्रतिजैविके एवढे बहुधा पुरते. घट्ट उंचवट्यांमध्ये ट्रायॅमसिनोलोन या स्टेरॉइडची अल्प मात्रा टोचतात. मात्रा अधिक झाल्यास त्वचा पातळ होऊन खड्डा पडतो, रंग फिका होतो आणि शेजारचे केसही गळू शकतात. म्हणजे उंचवटा जाऊन खळगा हाती लागतो.

लालसरपणासाठी डाय लेझर, तर पृष्ठभाग एकसारखा करण्यासाठी फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर वापरतात. भारतीयांच्या सावळ्या त्वचेत लेझरनंतर काळे डाग पडण्याची शक्यता अधिक असल्याने कमी ऊर्जेचा वापर आणि आधी लहान भागावर चाचणी हा सावध मार्ग मानला जातो. त्वचा घासून सपाट करण्याच्या पद्धतीत खोली सांभाळावी लागते, कारण केसाची पुनर्निर्मिती करणाऱ्या पेशी पृष्ठभागापासून अवघ्या दीड-दोन मिलिमीटरवर असतात.

जुन्या, मोठ्या रोपांवर खात्रीचा इलाज म्हणजे ती पंचने काढणे, सूक्ष्मदर्शकाखाली विभागणे आणि त्यांतील केस योग्य खोलीवर पुन्हा रोवणे. काढणे शक्य नसल्यास त्यांच्यापुढे एकेका केसाची रोपे लावून ती झाकतात. डोक्यामागील दात्या भागात मुबलक केस उरले असतील तरच हे शक्य होते. पहिल्याच वेळी तो साठा उधळला गेला असेल तर दुरुस्तीचे पर्याय आटतात. खळग्यांवर समाधानकारक उपाय कमी आहेत. शिरोत्वचेवर रंगाचे सूक्ष्म ठिपके गोंदल्याने वण नजरेआड होतो, पण पृष्ठभाग बदलत नाही.

भारतातील व महाराष्ट्रातील स्थिती

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केशप्रत्यारोपणाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार ही शस्त्रक्रिया शस्त्रक्रियेचे औपचारिक प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावयाची आहे. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असेही त्यांत स्पष्ट केले आहे. काही कामे सहायकांकडे सोपवली तरी अंतिम जबाबदारी डॉक्टरांचीच राहते.

पुणे जिल्ह्यातील बारामती तालुक्यातल्या सांगवीसारख्या गावांतील रुग्णाला अशा शस्त्रक्रियेसाठी सामान्यतः शहर गाठावे लागते, आणि दोष मात्र काही महिन्यांनी, घरी परतल्यावर उघड होतो. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्यात ससून रुग्णालय आहे. अशा ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञाकडून पहिले निदान करून घेता येते. दुरुस्तीचा खर्च मात्र बहुधा स्वतःलाच सोसावा लागतो, कारण आरोग्यविमा पॉलिसींमध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया सामान्यतः वगळलेली असते. दुरुस्ती करणाऱ्या नव्या डॉक्टरला पहिल्या शस्त्रक्रियेची तारीख, रोपांची संख्या, पद्धत आणि आधीची छायाचित्रे यांची गरज लागते. ही कागदपत्रे पहिल्याच भेटीत मागून घेणे श्रेयस्कर ठरते.